दुकानाचा दर्शनी भाग आणि गावाचा रस्ता



सातपुड्याचा पायथा आणि तापीचे पात्र यांच्या दरम्यान पसरलेल्या काळ्या कसदार पट्ट्यात सावदा वसले आहे. केळीच्या व्यापारामुळे या गावाचे नाव खानदेशाबाहेरही दूरवर पोहोचले. रावेर आणि सावदा या रेल्वे स्थानकांवरून केळी उत्तर भारताच्या बाजारपेठांकडे रवाना होत आली आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरमध्ये सावद्याचे वर्णन तालुका म्हणून आढळते. म्हणजे कचेरी, पेढी आणि बाजार यांची या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गामुळे या बाजाराला वाहतुकीचीही जोड मिळाली आहे.

अशा व्यापारी गावात दुकानांचे नूतनीकरण होणे हे भरभराटीचे लक्षण होय. केळीचा हंगाम बरा गेला, मुलगा धंद्यात उतरला, वडिलोपार्जित दुकानाच्या वाटण्या झाल्या, की दुकानाचा दर्शनी भाग बदलण्याचा विचार घरात सुरू होतो. त्यात गैर असे काहीच नाही. प्रश्न उपस्थित होतो तो इतकाच की, हा बदल करण्यापूर्वी तो कोणी पाहावा, कशासाठी पाहावा आणि कोणत्या कसोट्यांवर पाहावा? दुकानाच्या आतील मांडणी ही सर्वस्वी मालकाची बाब आहे. परंतु दुकानाची बाहेरची बाजू रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. तिची सावली, तिची पायरी, तिच्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी आणि प्रसंगी तिच्यापासून उद्भवणारा धोका, हे सारे गावाचे असते. म्हणूनच व्यापारी इमारतीच्या दर्शनी भागाची स्थानिक पातळीवर छाननी होणे अगत्याचे आहे.

जुन्या पेढीची रचना

खानदेशातील जुन्या बाजारपेठांमधून फिरताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. रस्त्यालगत ओटा, ओट्याच्या मागे सागवानी खांबांची ओळ, त्यावर तुळया आणि वर छज्जा, अशी दुकानांची रचना असे. दुकान बंद करताना फळ्या एकामागून एक खाचेत बसवीत. जाड भिंती आणि धाब्याचे छत यांमुळे आतला गारवा टिकून राही. ही रचना केवळ शोभेसाठी नव्हती. वैशाखात ज्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो, तेथे सावली ही चैनीची वस्तू नव्हे. छज्जाखाली गिऱ्हाईक उभे राही, ओट्यावर शेतकरी टेकत असे आणि भाव ठरेपर्यंतचा वेळ त्याच सावलीत निघून जात असे.

तथापि जुने ते सारे चांगलेच होते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. कित्येक ओटे गटारावर पुढे सरकलेले असतात. लाकूड वाळवीने पोखरलेले असते. पायऱ्या इतक्या उंच असतात की वृद्धांना त्या चढवत नाहीत. जुन्या भिंतींत दिव्याच्या उघड्या तारा लोंबकळत असतात. म्हणून जुन्याची जपणूक आणि जुन्याची दुरुस्ती यांचा विचार एकत्रितपणेच करावा लागतो.

आजच्या नूतनीकरणाची रीत मात्र वेगळी झाली आहे. छज्जा काढून टाकावयाचा, जुन्या भिंतीवर लोखंडी वा अॅल्युमिनियमचा सांगाडा ठोकावयाचा, त्यावर चकचकीत पत्रे किंवा काच बसवावयाची आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्या फलकाखाली झाकून टाकावयाच्या, हे दृश्य लहानमोठ्या गावांतून सर्रास दिसू लागले आहे. ऊन अडवणारी सावली नाहीशी होते. बंद काचेमागे उष्णता साठते. ती घालवण्यासाठी वातानुकूलन यंत्र बसवावे लागते आणि त्या यंत्राची गरम हवा पुन्हा रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर येते. मालकाचे विजेचे देयक वाढते आणि रस्त्याची दुपार अधिक असह्य होते. तोटा असा दुहेरी आहे.

कायद्याचा आधार

दर्शनी भागाकडे पाहण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला आहे काय, असा प्रश्न येथे साहजिकच विचारला जाईल. त्याचे उत्तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४३ मध्ये सापडते. विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर झालेल्या क्षेत्रात नियोजन प्राधिकरणाच्या लेखी परवानगीवाचून विकासाचे काम करता येत नाही, असे हे कलम सांगते. नगरपरिषदेच्या हद्दीत हे प्राधिकरण म्हणजे नगरपरिषदच होय. मात्र त्याच कलमाने एक सूटही दिली आहे. ज्या कामांचा परिणाम केवळ इमारतीच्या अंतर्भागावर होतो, किंवा ज्यांमुळे तिच्या बाह्य स्वरूपात महत्त्वाचा फरक पडत नाही, अशा देखभालीच्या व सुधारणेच्या कामांना परवानगीची गरज नाही. याचा व्यत्यास स्पष्ट आहे. बाह्य स्वरूपात महत्त्वाचा फरक पडणार असेल, तर ही सूट लागू होत नाही. कायदेमंडळाने इमारतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये जाणीवपूर्वक भेद केला आहे.

राज्याच्या २०२० सालच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनेही रंगकाम, गिलावा यांसारखी किरकोळ कामे परवानगीच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. तेव्हा दिवाळीपूर्वी दुकानाला रंग देणाऱ्या व्यापाऱ्याने नगरपरिषदेच्या पायऱ्या झिजवाव्यात, अशी कोणाचीही अपेक्षा नाही. छाननीचा विषय आहे तो छज्जा पाडणे, सांगाडा उभारणे, खिडक्या बुजवणे, पुढे आलेले बांधकाम करणे यांसारख्या मोठ्या बदलांचा.

राज्यघटनेची दिशाही हीच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी आहे. त्यात नगर नियोजन आणि बांधकामांचे नियमन यांच्याबरोबरच सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे या विषयाचाही समावेश आहे. गावाच्या रूपाची काळजी वाहणे हे नगरपरिषदेच्या कर्तव्यकक्षेत बसते, असा याचा अर्थ होतो.

मुंबईच्या एका रस्त्याचा धडा

अशा छाननीचे आपल्याच राज्यातील बोलके उदाहरण मुंबईचे आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकापर्यंत जाणारा दादाभाई नौरोजी मार्ग हा पूर्वीचा हॉर्नबी रोड होय. या रस्त्यावरील इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग आच्छादित मार्ग ठेवावा, असा नियम १८९६ साली करण्यात आला. परिणामी इमारती निरनिराळ्या मालकांच्या आणि निरनिराळ्या शैलींच्या असूनही रस्ता एकसंध दिसू लागला. पादचाऱ्याला ऊनपावसापासून आडोसाही मिळाला. नियमाने शैली ठरवली नाही. रस्त्याला प्रत्येक इमारतीने काय द्यावे, एवढेच त्याने ठरवले.

पुढे शतकभरात त्या कमानी नामफलकांनी झाकल्या गेल्या. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली आणि वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेण्याची पद्धत सुरू झाली. त्यानंतर या रस्त्याची पाहणी करून नामफलक आणि दुकानांचे दर्शनी भाग यांसाठी मार्गदर्शक सूचना तयार करण्यात आल्या. फलक कमानीवर न ठोकता कमानीच्या आत, तिच्या आकाराला धरून बसवावा, हा त्यांतील गाभ्याचा मुद्दा होता. दुकानदारांना विश्वासात घेऊन फलक बदलले गेले आणि झाकलेले दगडी काम पुन्हा दिसू लागले. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेण्यात आली.

सावदा म्हणजे मुंबई नव्हे, हे खरेच. येथे गॉथिक कमानी नाहीत. परंतु त्या रस्त्याचे दोन धडे कोणत्याही गावाला लागू पडतात. पहिला असा की, सूचना मोजक्या आणि लेखी असाव्यात. दुसरा असा की, त्या सर्वांना सारख्या लागू असाव्यात. शेजाऱ्याचा फलक उतरला आणि आपलाही उतरला, तर कोणाचा धंदा बुडत नाही. एकट्याचाच उतरला, तर मात्र त्याच्या मनात अन्यायाची भावना निर्माण होते.

फैजपूरचा वारसा

मुंबईहून दुसरे उदाहरण शोधण्यास दूर जाण्याची आवश्यकता नाही. ते सावद्याच्या शेजारीच, फैजपूर येथे आहे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, ते फैजपूरला. अधिवेशनाच्या नगराची सजावट गांधीजींच्या इच्छेनुसार शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली. परिसरात मिळणारा बांबू आणि खेड्यातील साधी सामग्री यांतूनच कमानी व मंडप उभारले जावेत, यावर भर होता. महागड्या शोभेवाचूनही रचना भारदस्त दिसू शकते आणि स्थानिक कारागिराच्या हातून ती घडू शकते, हे या भूमीने तेव्हाच पाहिले आहे.

आजच्या दुकानदाराने बांबूचे दुकान बांधावे, असा याचा अर्थ नव्हे. गावाचे हवामान, गावात मिळणारी सामग्री आणि गावातील सुताराचे व गवंड्याचे कौशल्य यांचा विचार करून दर्शनी भाग घडवावा, एवढाच त्याचा आशय आहे.

एका दुकानाचे उदाहरण

ही छाननी प्रत्यक्षात कशी होईल, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, बाजारपेठेतील एका दुमजली जुन्या दुकानाच्या मालकाला दर्शनी भाग बदलावयाचा आहे. तो आराखडा घेऊन नगरपरिषदेत येतो. आराखड्यात लाकडी छज्जा काढून पूर्ण दर्शनी भाग पत्र्याच्या आवरणाने झाकलेला आहे. ओट्याच्या जागी ग्रॅनाइटच्या चार पायऱ्या गटारावर पुढे आल्या आहेत आणि पहिल्या मजल्याच्या उंचीइतका प्रकाशित फलक आहे.

छाननी करणाऱ्यांनी त्याला रंग बदलण्यास सांगू नये. त्यांनी पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न सावलीचा. छज्जा काढला, तर त्याच्या जागी तितकीच सावली देणारे काय येणार आहे? लाकूड खरोखरच कुजले असेल, तर त्याच मापाचा नवा छज्जा लाकडाचा, लोखंडाचा अथवा सिमेंटचाही करता येईल.

दुसरा प्रश्न पाण्याचा. छताचे पाणी पन्हळीतून खाली कोठे उतरणार? गटार साफ करण्यास वाव राहणार काय? पायऱ्या गटारावर आल्या, तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शेजाऱ्याच्या दुकानात शिरते, हा अनुभव कोणत्या बाजारपेठेला नाही?

तिसरा प्रश्न प्रवेशाचा. चाकाच्या खुर्चीवरील ग्राहकाला आणि काठी टेकत येणाऱ्या आजीबाईंना आत जाता येईल काय? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सार्वजनिक वापराच्या इमारती सुगम्य असण्यावर भर दिला आहे. तेव्हा पायऱ्यांबरोबर उताराची सोय ही दयेची नव्हे, हक्काची बाब आहे.

चौथा प्रश्न फलकाचा. महाराष्ट्रात दुकानांच्या नामफलकांवर मराठी देवनागरी अक्षरे असणे कायद्याने बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही ही तरतूद लागू झाली. इतर लिपीतील अक्षरे मराठी अक्षरांपेक्षा मोठी असता कामा नयेत. फलक नव्याने करावयाचाच आहे, तर तो छज्जाखालच्या पट्टीत, खिडक्या न झाकता आणि सुवाच्य मराठीत करावा. याने दुकान अधिक ठळकपणे दिसते, कमी नव्हे.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा. आवरणाखाली दडलेली जुनी भिंत सांगाड्याचा भार पेलण्याइतकी सक्षम आहे काय? मातीच्या वा जुन्या विटांच्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा केला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि भिंत आतून पोकळ होत जाते. अशा ठिकाणी चुन्याचा गिलावा अधिक योग्य ठरतो. आणि आग लागली, तर धूर बाहेर जाण्यास व माणसांना सुटका करून घेण्यास खिडक्या उरल्या आहेत काय?

हा शेवटचा प्रश्न केवळ तर्काचा नाही. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला बाहेरून नवे आवरण बसवण्याचे काम २०१६ साली पूर्ण झाले. १४ जून २०१७ रोजी तेथे आग लागली आणि ७२ माणसे प्राणास मुकली. ज्वालाग्राही प्लॅस्टिकचा गाभा असलेल्या अॅल्युमिनियमच्या आवरणामुळे ती आग झपाट्याने पसरली, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. मुंबईत अंधेरी येथे २०१४ साली काचेने मढवलेल्या एका व्यापारी इमारतीला लागलेल्या आगीत अग्निशमन दलाच्या एका जवानाला प्राण गमवावे लागले. दर्शनी भागाचा विचार हा केवळ शोभेचा विचार नाही, हे या घटनांनी शिकवले आहे. आवरणाच्या पत्र्याचा गाभा कशाचा आहे, हा प्रश्न सावद्याच्या दुकानदारानेही पुरवठादाराला विचारला पाहिजे.

समितीचे स्वरूप

या कामासाठी मोठी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. मुख्याधिकारी, नगरपरिषदेचा अभियंता, परिसरातील एक वास्तुविशारद, व्यापाऱ्यांचा एक प्रतिनिधी, नागरिकांपैकी एक महिला आणि एक दिव्यांग प्रतिनिधी, एवढ्या लोकांची सल्लागार समिती पुरेशी ठरेल. परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने ज्या प्राधिकरणाकडे आहे, त्याच्याकडेच तो राहावा. समितीने केवळ आपला अभिप्राय लेखी द्यावा. जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाचे मार्गदर्शन तिला घेता येईल. दिल्लीत १९७३ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेला नागरी कला आयोगही सल्ला देण्याचे काम करीत आला आहे. लहान गावाला त्याचा आकार नको. त्यामागचे तत्त्व मात्र घेता येण्यासारखे आहे.

अशा व्यवस्थेविषयी व्यापाऱ्यांच्या मनात धास्ती आहे आणि ती अनाठायी नाही. आणखी एक समिती म्हणजे आणखी एक खेटा, आणखी एक शिक्का, आणि कदाचित आणखी एक अडवणूक, असे त्यांना वाटते. या शंकेचे निरसन नुसत्या आश्वासनाने होणार नाही. ते पद्धतीने झाले पाहिजे. अधिनियमाच्या कलम ४५ नुसार परवानगीच्या अर्जावर निर्णय देण्यास साठ दिवसांची मुदत आहे, आणि निर्णयाविरुद्ध शासनाकडे अपील करण्याची सोय कलम ४७ मध्ये आहे. समितीचा अभिप्राय या मुदतीच्या आत, किंबहुना पहिल्या पंधरवड्यातच, आला पाहिजे. पाच प्रश्न नगरपरिषदेच्या फलकावर कायम लावलेले असावेत. समितीला त्यांच्या बाहेरचा सहावा प्रश्न विचारता येऊ नये. अमुक रंग आवडत नाही, अमुक घाट जुनाट दिसतो, अशा वैयक्तिक आवडीनिवडीला छाननीत थारा नसावा.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ही चर्चा पैसा खर्च होण्यापूर्वी व्हावी. पत्रे बसल्यावर, ग्रॅनाइट लागल्यावर आलेली नोटीस दोन्ही पक्षांना कटू वाटते. मालकाचे नुकसान होते आणि नगरपरिषदेचा दरारा वाढतो, पण विश्वास घटतो. उलट आराखडा कागदावर असताना झालेली अर्ध्या तासाची बैठक मालकाचाही खर्च वाचवू शकते. छज्जा राखला, तर आवरणाचे क्षेत्र कमी होते. खिडक्या उघड्या राहिल्या, तर विजेची बचत होते. जुने सागवान दुरुस्त झाले, तर गावातील सुताराला काम मिळते.

यापलीकडे एक पाऊल टाकणे नगरपरिषदेला शक्य आहे. बाजारपेठेतील एखाद्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रेखाचित्रे अभियांत्रिकीच्या अथवा वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्यावीत. कोणते छज्जे सुस्थितीत आहेत, कोणते खांब दुरुस्तीयोग्य आहेत आणि कोठे सावलीची साखळी तुटली आहे, याची नोंद त्यात असावी. असा नकाशा हाताशी असला की प्रत्येक नव्या आराखड्याचा विचार सुटा न होता साऱ्या रस्त्याच्या संदर्भात होईल. आणि नगरपरिषदेने स्वतःच्या गाळ्यांना व इमारतींना हे पाच प्रश्न सर्वप्रथम लावावेत. जो नियम शासकीय इमारतीला लागू होत नाही, तो नागरिकांच्या गळी उतरत नाही.

बंधुभगिनींनो, पंचक्रोशीतला शेतकरी भर उन्हात बाजाराला येतो. तो बियाणे घेतो, खते घेतो, मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधतो. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाताना त्याच्या डोक्यावर सावली असावी, पायाखाली उघडे गटार नसावे आणि त्याच्याबरोबर आलेल्या वृद्ध आईला दुकानाची पायरी सहज चढता यावी, एवढी अपेक्षा बाजारपेठेने पुरी केली, तर तिचे सौंदर्य आपोआप प्रकटेल. दुकानाचे भांडवल मालकाचे असते. त्याच्या पुढचा रस्ता मात्र साऱ्या गावाचा असतो. या दोहोंची गाठ घालून देणे, हेच स्थानिक छाननीचे प्रयोजन होय, आणि ते साधणे सावद्यासारख्या गावाच्या आवाक्यातील आहे.